बोर्डवर दोन लांब स्लॉट आहेत, ग्राफिक्स कार्ड कुठल्यात बसवायचे?

प्रश्न थोडक्यात असा: बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, रायझन ५ ३४००जी प्रोसेसर, बोर्डवर दोन लांब आणि एक-दोन आखूड स्लॉट. वापरलेले ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६५०० एक्सटी घ्यावे की आरएक्स ६६००, आणि ते नक्की कुठे बसवावे? शिवाय घरातल्या जुन्या मशीनमध्ये एक तपकिरी स्लॉट आहे, तो कसला?

आधी बसवण्याचे. कार्ड वरच्या, म्हणजे प्रोसेसरच्या जवळच्या लांब स्लॉटमध्ये बसवा. खालचा तितकाच लांब दिसत असला तरी त्याला सहसा चारच लेन (माहिती वाहून नेणारे मार्ग) जोडलेल्या असतात, आणि त्याही थेट प्रोसेसरकडून नव्हे तर चिपसेट या बोर्डवरच्या मदतनीस चिपमार्गे येतात. बहुतेक गोंधळ इथेच होतो. स्लॉटची लांबी फक्त कार्ड आत बसेल की नाही एवढेच सांगते. आतून किती लेन जोडल्या आहेत आणि त्या कुठल्या पिढीच्या आहेत, हे लांबीवरून कळत नाही.

लांबीवरून ओळखायचे तर पीसीआय एक्सप्रेसचा (आजच्या कार्ड-स्लॉटांचे मानक) एक्स१ स्लॉट साधारण २५ मिमी, एक्स४ ३९, एक्स८ ५६ आणि एक्स१६ ८९ मिमी असतो. सगळ्यांत आडवी खाच एकाच जागी असते: कॅबिनेटच्या मागच्या बाजूकडून मोजले तर प्रत्येक बाजूच्या पहिल्या ११ पिनांनंतर. वीजपुरवठ्याच्या मुख्य पिना या छोट्या भागातच आहेत. म्हणून एक्स१ चे कार्ड एक्स१६ स्लॉटमध्ये निर्धास्त चालते. शेवटचे टोक उघडे असलेल्या आखूड स्लॉटमध्ये लांब कार्डही बसते, फक्त कमी लेनवर चालते.

आत किती लेन आहेत ते पाहायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. स्लॉटमध्ये तिरका उजेड टाका. चार लेनच्या स्लॉटमध्ये बऱ्याचदा धातूचे संपर्क कॅबिनेटच्या मागच्या बाजूकडून अर्ध्याहून कमी लांबीपर्यंतच दिसतात आणि पुढे नुसते प्लॅस्टिक असते. पण काही बोर्डांवर संपर्क पूर्ण भरलेले असतात आणि खाली तारा मात्र चारच लेनच्या. जुन्या बोर्डावर तो उलटा करून डाखणीच्या ओळी मोजता येतात. नव्या बोर्डांवर स्लॉट वरूनच डाखलेले असल्याने मागे काही दिसत नाही. तेव्हा शेवटचा शब्द मॅन्युअलचा. त्यात ‘एक्सपान्शन स्लॉट’ हा भाग काढा आणि त्याखालच्या बारीक टिपा सोडू नका. दुसऱ्या एम.२ जागी एसएसडी लावली की खालचा लांब स्लॉट बंद पडतो, अशी ओळ कित्येक बोर्डांच्या मॅन्युअलमध्ये तिथेच दडलेली असते. वरच्या स्लॉटभोवती चकचकीत धातूचे कवच असेल तर ते जड कार्डाला आधार म्हणून असते. त्याचा वेगाशी संबंध नाही.

आता पिढी. एका लेनमागे दुसऱ्या पिढीत सेकंदाला ५०० एमबी, तिसऱ्या पिढीत सुमारे १ जीबी आणि चौथ्या पिढीत सुमारे २ जीबी जातात. बी४५० वरचा मुख्य स्लॉट तिसऱ्या पिढीचा आहे आणि चिपसेटच्या लेन दुसऱ्या पिढीच्या. त्यामुळे खालच्या स्लॉटमध्ये कार्ड बसवले तर ४ गुणिले ५००, म्हणजे जेमतेम २ जीबी मिळतात.

तुमच्या बाबतीत प्रोसेसरचाही मुद्दा आहे. ३४००जी (तसेच २२००जी, २४००जी, ३२००जी) ग्राफिक्स स्लॉटला आठच लेन देतो. बोर्डवर एक्स१६ छापलेले असले तरी उरलेल्या आठ रिकाम्या राहतात. बोर्ड खराब आहे असे समजून दुकानात परत नेऊ नका. हाच प्रकार एएम५ या नव्या सॉकेटवर रायझन ५ ८५००जी च्या बाबतीत आहे. तिथे तर कार्डाच्या वाट्याला चारच लेन येतात.

आता कार्डांकडे या. आरएक्स ६५०० एक्सटीला मुळात चारच लेन आहेत, पण चौथ्या पिढीच्या. त्यांतून सेकंदाला साधारण ८ जीबी वाहतात. तुमच्या बोर्डवर ते तिसऱ्या पिढीवर उतरते आणि सेकंदाला ४ जीबीच राहतात. त्यात या कार्डाची नेहमीची आवृत्ती ४ जीबी मेमरीची. ती भरली की टेक्स्चर्स मुख्य रॅममधून याच अरुंद वाटेने ये-जा करतात आणि गेम अडखळतो. तुमच्या बोर्डसाठी हे कार्ड मी घेणार नाही. आरएक्स ६६०० ला आठ लेन आणि ८ जीबी मेमरी आहे. तुमच्या प्रोसेसरकडेही आठच लेन आहेत, त्यामुळे रुंदीत काहीच वाया जात नाही. पिढी तिसरीच राहील, पण मेमरी पुरेशी असल्याने त्याचा फटका फारसा जाणवत नाही. आठ लेनच्या कार्डाची कडा पूर्ण लांबीचीच असू शकते, कॅबिनेटच्या मागच्या बाजूपासून लांबच्या अर्ध्यात सोनेरी पट्ट्या नसतात किंवा जोडलेल्या नसतात. वापरलेले कार्ड पाहताना पट्ट्या तुटल्या आहेत असे वाटून घाबरू नका.

विजेचे तेवढेच सांगतो. एक्स१६ स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. आरएक्स ६६०० ला वरून ८ पिनांची जोडणी लागते, आणि ती एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) स्वतःच्या केबलमधूनच घ्या. साटा कनेक्टरवरून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) बनवलेले अडॅप्टर लावू नका. साटाची १२ व्होल्टची बाजू ५४ वॅटची असते. त्यावर जास्त भार टाकला तर प्लॅस्टिक वितळू शकते.

तुमच्या जुन्या मशीनमधला तपकिरी स्लॉट बहुधा एजीपी, म्हणजे ग्राफिक्स कार्डांसाठीचा जुना स्लॉट, आहे. तो पांढऱ्या पीसीआय स्लॉटांपेक्षा बोर्डच्या मागच्या कडेपासून जरा आत सरकलेला असतो आणि बोर्डवर एकच असतो. एजीपी १९९७ च्या सुमारास आले आणि २००४ पासून पीसीआय एक्सप्रेसने त्याची जागा घेतली. दोन्हींची कार्डे एकमेकांत बसत नाहीत. जुने एजीपी कार्ड मिळाले तर स्लॉटमधला आडवा दांडा पाहा. तो कॅबिनेटच्या मागच्या बाजूला असेल तर स्लॉट ३.३ व्होल्टचा, लांबच्या बाजूला असेल तर १.५ व्होल्टचा. कार्डाची खाच जुळत नसेल तर जोर लावू नका. पण त्या मशीनसाठी आता पैसे घालू नयेत, असे माझे मत.

बसवताना एसएमपीएसचे बटण बंद करा आणि स्लॉटच्या टोकाचा खटका उघडा. दोन जागा व्यापणाऱ्या कार्डासाठी कॅबिनेटच्या मागच्या शेजारच्या दोन धातूच्या पट्ट्या काढा. खटका आपोआप ‘टक्’ वाजेपर्यंत कार्ड दोन्ही टोकांवर सारखे दाबा आणि मगच स्क्रू आवळा. उलट केले तर कार्डाची धातूची पट्टी त्याला ओढते आणि आतले टोक अर्धवट उचलले जाते.

मग जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून ‘बस इंटरफेस’ ही ओळ पाहा. अॅट (@) चिन्हाच्या आधी कार्डाची क्षमता असते, नंतर प्रत्यक्ष जोडणी. तिथे १.१ दिसले तर घाई नको. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला वेग उतरवते. शेजारचे प्रश्नचिन्ह दाबून चाचणी चालवली की आकडा ३.० वर जायला हवा. लेनचा आकडा मात्र ८ च हवा. तो ४ किंवा १ दिसला तर कार्ड काढून सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा बसवा. तरीही फरक पडला नाही तर प्रोसेसरच्या वाकलेल्या पिनांचा संशय घ्या. एएम४ मध्ये (तुमच्या बोर्डवरच्या सॉकेटमध्ये) पिना प्रोसेसरवरच असतात. म्हणून कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटे चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग ते बंद करून वायर काढा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. सरळ वर ओढलात तर सॉकेटचा खटका बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येऊ शकतो.