बाळाला तापाचं औषध घरच्या चमच्याने, दुधात मिसळून दिलं तर चालतं का?

नाही, दोन्ही टाळा. घरातला प्रत्येक चमचा वेगळ्या मापाचा असतो. बाटलीसोबतची सिरिंज किंवा ड्रॉपरच वापरा. बाटलीतलं दूध बाळाने अर्धवट सोडलं, तर औषध किती गेलं हे कळणारच नाही.

त्याहून मोठी चूक वेगळीच आहे. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये अनेकदा १ मिलीत १०० मिग्रॅ औषध असतं, तर सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५० मिग्रॅ. म्हणजे सिरपचं ५ मिली माप ड्रॉप्सने भरलं, तर बाळाच्या पोटात थेट ५०० मिग्रॅ जातं! ८ किलोच्या बाळाला एका वेळी ८० ते १२० मिग्रॅ पुरतं. म्हणून लेबल दर वेळी वाचाच, रात्री दोनला झोपेत उठलात तरी दिवा लावून. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. तो डॉक्टरांकडून मिलीमध्ये लिहून घ्या.

देताना बाळाला थोडं उभं धरा, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला टेकवून हळूहळू सोडा. औषध देण्यासाठी नाक कधीच दाबू नका, ठसका लागतो. वर्षाच्या आत मधात कालवूनही नको, बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला, तर घरी डोस देत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.