घरात कोणीच स्कीइंग करत नसेल, तर आल्प्समधल्या महागड्या शॅलेत, म्हणजे डोंगरातल्या भाड्याच्या लाकडी घरात, आठवडाभर राहणं म्हणजे पैसे पाण्यात का?

अजिबात नाही. हेच वाक्य दादाकडून गेली तीन वर्षं ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

आई पहिल्यांदाच साताऱ्याहून आमच्याकडे झुरिकला आली होती. वय 71, गुडघे दुखरे. दादाचं म्हणणं, तिला बसच्या टूरवर पाठव. टिटलिस, युंगफ्राऊ ही शिखरं, सगळं आठ दिवसांत बघून होईल. मी जानेवारीअखेरीस झरमॅट या स्कीइंगच्या गावात शॅले घेतलं, शनिवार ते शनिवार. नवऱ्याच्या दोन मित्रांची कुटुंबं सोबत होती, त्यामुळे भाडं तीन घरांत वाटलं गेलं.

बाकीचे सकाळी स्की खांद्यावर टाकून निघायचे, आई आणि मी मागे. बैठकीची खोली सगळ्यात वर, भिंतभर काच, समोर मॅटरहॉर्न शिखर. पहिलं ऊन फक्त टोकाला लागतं, घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखं, आणि मग हळूहळू खाली सरकतं. तिसऱ्या दिवसापासून आई साडेसातलाच अंघोळ उरकून, शाल लपेटून त्या खुर्चीत हजर.

एक दिवस तिला गावातल्या मॅटरहॉर्न म्युझियमला नेलं. 1865 साली पहिल्यांदा शिखर गाठलेल्या सातांपैकी चौघं उतरताना कोसळून गेले. तेव्हा तुटलेला दोर तिथे काचेत ठेवलाय. आई वाकून बघत राहिली. म्हणाली, "एवढ्याशा दोरावर? आपल्या विहिरीचा याहून जाड होता गं." रात्री जेवताना तिने सगळ्यांना ती हकीकत सांगितली. रोज त्याच डोंगरासमोर स्की करणाऱ्या एकालाही ती माहीत नव्हती.

दादा म्हणतो, एकच डोंगर दाखवलास. टूरवर टिटलिसला दोन-तीन तास मिळतात, त्यात ढग आले की ढगच बघून परत. आमच्याही दोन सकाळी ढगात गेल्या. पाच उरल्या.

तुमच्यापुरतं सांगायचं तर दारातून थेट स्की करत निघता येणाऱ्या घराचे जादा पैसे देऊ नका. स्टेशनजवळचं घ्या, झरमॅटमध्ये पेट्रोलच्या गाड्या चालत नाहीत. फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या टाळा, भाडी भडकतात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा. ग्रुयेरसारख्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, असतं. शॅलेसोबत स्वयंपाकीण मिळत असेल तर ती सहसा आठवड्यातून एक संध्याकाळ सुट्टीवर असते, तेव्हाची सोय आधी बघा. झरमॅटहून गोर्नरग्राटला चढणारी रेल्वे 3089 मीटर उंचीवर जाते, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच बसा.

आणि वयस्कर माणूस सोबत असेल तर घरात लिफ्ट आहे का, हे नक्की विचारा. मी विचारलं नव्हतं. निजायच्या खोल्या तळाला होत्या. त्या खुर्चीपर्यंत पोचायला आई रोज पहाटे कठड्याला धरून दोन जिने चढायची, मला हाक न मारता. आणि दादाला वाटतं, मी तिला आठवडाभर नुसतं बसवून ठेवलं.