डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) जादूच्या वस्तूंचं दुकान ठेवावं का? ठेवलं तर खेळ बिघडू नये म्हणून काय करावं?

ठेवा. फक्त पुस्तकातली सगळी यादी खेळाडूंसमोर उघडी टाकू नका. खेळ बिघडतो तो तिथे.

तुम्ही लिहिलंय की पाचवी आवृत्ती, चार खेळाडू, लेव्हल ६ (पात्रांच्या ताकदीची पायरी), गोल्ड (खेळातली सोन्याची नाणी) नुसतं साचतंय, आणि सल्ला विचारला की निम्मे लोक ‘दुकान कधीच नको’ म्हणतात, निम्मे ‘दुकानाशिवाय गोल्डला अर्थच नाही’ म्हणतात. दोघंही आपापल्या आवृत्तीपुरतं बरोबर बोलतायत. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत किमतीचं सूत्रच होतं. शस्त्राच्या बोनसचा (फाशावर मिळणाऱ्या जादा आकड्याचा) वर्ग गुणिले २,०००, म्हणजे +१ ला २,०००, +२ ला ८,०००, +३ ला १८,०००. राक्षसांचे आकडेही पात्रांकडे तेवढा माल असणार हे धरूनच बेतलेले होते, त्यामुळे दुकान नसेल तर पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) मार खायची. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत राक्षसांचे आकडे जादूच्या वस्तू गृहीत धरत नाहीत आणि किमतीही ढोबळच आहेत. रेअर (दुर्मिळ) वस्तू ५०१ ते ५,००० गोल्डमध्ये कुठेही! म्हणून असा प्रश्न विचारताना आवृत्ती, लेव्हल, खेळाडू किती आणि कोणाकडे आत्ता काय आहे, हे पहिल्याच ओळीत लिहीत चला. नाहीतर अर्धी उत्तरं भलत्याच खेळाची येतात.

आता गोल्ड का साचतं ते बघा. २०१४ च्या डीएम गाइडमध्ये (डीएम म्हणजे खेळ चालवणारा, हे त्याचं पुस्तक) लेव्हल ५ ते १० च्या टप्प्यातल्या एका खजिन्यात सरासरी सुमारे ३,८५० गोल्डची नाणी निघतात, आणि या टप्प्यात असे साधारण १८ खजिने मिळतील असा पुस्तकाचाच अंदाज आहे. म्हणजे रत्नं आणि कलाकुसरीच्या वस्तू सोडून सुमारे ७०,००० गोल्ड. चौघांत वाटले तर प्रत्येकी १७,५००. आणि प्लेअर्स हँडबुकमधलं (खेळाडूंच्या नियमपुस्तकातलं) सगळ्यात महाग चिलखत, प्लेट, १,५०० ला. ते घेतलं की खर्चायला जागाच उरत नाही.

याच ७०,००० वर किमतींचे दोन तक्ते लावून बघा. २०२४ च्या सुधारित डीएम गाइडमध्ये दुर्मिळतेप्रमाणे कॉमन १००, अनकॉमन ४००, रेअर ४,०००, व्हेरी रेअर ४०,०००, लेजेंडरी २,००,०००. वापरून संपणारी वस्तू निम्म्या किमतीला, फक्त स्क्रोल (एकदाच वापरायचा, मंत्र लिहिलेला कागद) सोडून. त्या भावाने पार्टी १७ रेअर वस्तू घेऊ शकते. २०१७ च्या झनाथर्स गाइड या पुरवणी पुस्तकात रेअरची किंमत २डी१० (दहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) गुणिले १,०००, म्हणजे सरासरी ११,०००. त्या भावाने सहाच येतात. मी पोशन (प्यायचं जादूचं औषध), स्क्रोल आणि अनकॉमनला २०२४ चा भाव लावेन, रेअरला झनाथरचा. सहा रेअर वस्तू चौघांत पुरतात, आणि प्रत्येक खरेदीआधी पार्टीला आपसात बोलावं लागतं.

पण नुसत्या दुर्मिळतेवर भाव ठरवू नका, कारण दुर्मिळता आणि उपयोग यांचा मेळ बसत नाही. ब्रूम ऑफ फ्लाइंग (उडता झाडू) अनकॉमन आहे आणि तिला अट्यूनमेंटही (वस्तू पात्राशी जोडून घेणं) लागत नाही. ४०० च्या भावाने १,६०० गोल्डमध्ये अख्खी पार्टी हवेत! तिकडे फ्लाय मंत्राला तिसऱ्या पातळीचा स्लॉट (मंत्रांच्या मर्यादित साठ्यातला एक) आणि एकाग्रता लागते, आणि तो टिकतो १० मिनिटं. झाडू आला की दऱ्या, तटबंद्या, जमिनीवरून लढणारे शत्रू, सगळं एका फटक्यात निकामी. अशी वस्तू विकायचीच असेल तर एकच ठेवा आणि रेअरच्या भावाने विका.

दुसरी अडचण एसीची (हल्ला लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा). ती हळूहळू साचते, म्हणून उशिरा लक्षात येते. प्लेट आणि ढाल मिळून एसी २०. त्यात +१ चिलखत, +१ ढाल, क्लोक ऑफ प्रोटेक्शन आणि रिंग ऑफ प्रोटेक्शन घातली की २४. २०२४ च्या भावाने या चारही वस्तूंचे, मूळ चिलखत सोडून, फक्त ८,८०० गोल्ड होतात. चॅलेंज (राक्षसाच्या अवघडपणाची पायरी) ५ ते ७ च्या राक्षसाचा हल्ला सर्वसाधारणपणे +६ असतो. एसी २० ला त्याला वीस बाजूंच्या फाशावर १४ लागतात, म्हणजे ३५ टक्के संधी. २४ ला १८ लागतात, १५ टक्के. हा सगळा माल घातलेल्या फायटरला (लढवय्याला) लागावं म्हणून तुम्ही हल्ल्याचे आकडे वाढवलेत की शेजारचा १३ एसीचा विझार्ड (जादूगार) प्रत्येक फेरीत मरायला टेकतो. अट्यूनमेंटची तीनची मर्यादा इथे अर्धीच कामाला येते, कारण +१ चिलखत आणि ढाल तिच्याबाहेर आहेत. एसी वाढवणारा माल दुकानात ठेवूच नका, तो गुहांमधून एकेक करून सापडू दे.

मग दुकानात ठेवायचं काय? लेव्हल ६ ला एवढा माल पुरे:

पोशन ऑफ हीलिंग चार, प्रत्येकी ५०. ग्रेटर हीलिंग एक, २००. लेसर रिस्टोरेशनचा (रोग उतरवणाऱ्या मंत्राचा) एखादा स्क्रोल. गॉगल्स ऑफ नाइट ४००. रोप ऑफ क्लाइंबिंग ४००. आणि काचेखाली एकच रेअर वस्तू, केप ऑफ द माउंटीबँक, ८,०००. ती दिवसातून एकदाच डायमेन्शन डोअर (क्षणात दुसरीकडे पोचवणारा मंत्र) देते. मजा येते, पण लढाईचं गणित हलत नाही.

पोशन खेळातल्या दर आठवड्याला भरून काढा. कायमच्या वस्तू विकल्या गेल्या की ती जागा पार्टी पुढच्या मोठ्या शहरात जाईपर्यंत रिकामीच ठेवा. प्रत्येक खेळाडूकडून हव्या असलेल्या दोन वस्तूंची नावं आधी मागून घ्या. एक कधीतरी दुकानात येऊ दे, दुसरी एखाद्या खजिन्यात.

कोणाला त्यापलीकडचं हवं असेल तर झनाथरची पद्धत वापरा. एक आठवडा आणि १०० गोल्ड खर्चून पर्सुएशनचा (मन वळवण्याच्या कौशल्याचा) फासा टाकायचा. जादा दर आठवड्याला +१, जादा दर १०० गोल्डला +१, मिळून जास्तीत जास्त +१०. आकडा जितका मोठा तितका वस्तूंचा तक्ता चांगला, पण हवी तीच वस्तू मिळेल असं नाही. गोल्ड जिरवायला याहून सोपा मार्ग नाही.

पार्टीचा माल दुकानदार निम्म्या किमतीला घेईल, पण त्याच्या गल्ल्यात रोकड किती हे आधीच ठरवून ठेवा. साडेतीन (३.५) आवृत्तीतली वस्तीची मर्यादा, म्हणजे तिथे जास्तीत जास्त किती गोल्डची वस्तू मिळते तो आकडा, इथे आयती वापरता येते. खेडं २००, छोटं गाव ८००, मोठं गाव ३,०००, छोटं शहर १५,०००. यामुळे खेड्यात १२ तलवारी आणून ओतणं आपोआप बंद होतं.

दुकान लुटण्याचा विचार खेळाडूंच्या डोक्यात येणारच. त्यासाठी दुकानात लेव्हल २० चा विझार्ड बसवू नका. मग शत्रूला तोच का मारत नाही, असा प्रश्न उभा राहतो. दुकानदार हा दलाल ठेवा. फळीवर पोशन, बाकी मालाची नुसती यादी वहीत. चौथा हिस्सा आगाऊ घ्यायचा, माल तीन दिवसांनी यायचा.

टेबलवरचा वेळही सांभाळा. भावांसकट यादी सत्राच्या आदल्या दिवशी ग्रुपवर टाका, घासाघीस एका भेटीत एकाच फाशावर, फरक १० टक्क्यांपर्यंत. वीस मिनिटांत दुकान बंद.

आणि एव्हाना झाडू विकून बसला असाल तर तो चोरीला घालवू नका. खेळाडूला लगेच कळतं, आणि पुढच्या प्रत्येक बक्षिसाकडे तो संशयाने बघतो. सत्राआधी सरळ सांगा, माझा भाव चुकला, यामुळे लढाया फसतायत, आणि पूर्ण किंमत परत देऊन तो मागून घ्या.