आईच्या डोळ्याला पाणी, थांबवलेला मोतीबिंदू आणि 'नाकाचं ऑपरेशन कशाला?': आमचा अनुभव

दादा, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. तुमच्या आईच्या डाव्या डोळ्याला वर्षभर पाणी, सकाळी कोपऱ्यात चिपडं, ड्रॉप बदलून बदलून झाले. आता मोतीबिंदूच्या तारखेआधी सिरिंजिंग केलं (पापणीच्या कडेच्या भोकातून पाणी सोडून वाट मोकळी आहे का ते बघतात) तर डॉक्टर म्हणतात लासरू आहे (डोळ्याच्या कोपऱ्यातल्या अश्रुपिशवीचा संसर्ग), आधी डीसीआर करा (त्या पिशवीतून नाकात नवी वाट काढायचं ऑपरेशन). आणि घरच्यांना वाटतंय हॉस्पिटल बिल वाढवतंय, डोळ्याच्या दुखण्याला नाकाचं हाड कशाला काढायचं. माझ्या आईचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही. आईच्या आजारपणात जे विचारून, वाचून कळलं ते सांगते. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

माझ्या मते डॉक्टरांनी मोतीबिंदू थांबवला हे योग्यच केलं. डोळ्यातलं पाणी तयार होतं ते वरच्या पापणीमागे, बाहेरच्या म्हणजे कानाकडच्या बाजूला असलेल्या अश्रुग्रंथीत. ते जातं मात्र नाकाकडच्या कोपऱ्यातून. आरशासमोर खालची पापणी जराशी बाहेर ओढून बघा, आतल्या कोपऱ्याजवळ कडेवर एक बारीक उंचवटा आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसेल. तसंच एक वरच्या पापणीलाही असतं. तिथून जेमतेम १० मिलिमीटरच्या दोन नळ्या निघतात, बहुतेकांच्या पुढे एकत्र होतात आणि अश्रुपिशवीत उघडतात. ही पिशवी डोळा आणि नाक यांच्यामधल्या हाडाच्या खोबणीत बसलेली असते. तिच्या तळातून एक नळी हाडातून खाली नाकात उतरते. रडल्यावर नाक वाहतं ते याचमुळे, आणि ड्रॉप टाकल्यावर घशात कडू लागतं तेही याचमुळे.

ही खालची नळी बंद झाली की पाणी पिशवीत साचतं, तिथे जंतू वाढतात, पू होतो, आणि तो उलटा वर डोळ्यात येत राहतो. म्हणजे मोरी तुंबलेली असताना नळाला औषध घालत बसायचं. ड्रॉपने चार दिवस चिपडं कमी होतात, पण नळी उघडत नाही. आणि अशा डोळ्यात मोतीबिंदू करायला छेद घेतला तर पिशवीतले जंतू थेट डोळ्याच्या आत जाऊ शकतात. तो संसर्ग झाला तर नजर जाऊ शकते. म्हणून आधी लासरू, मग मोतीबिंदू. घरच्यांना एवढं एक समजावून सांगा, बाकीचं नंतर.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान मात्र ड्रॉपने केलं नाही, ते केलं आरोग्य विम्याचं कॅशलेस मंजूर करणाऱ्या ऑफिसने. नाव लिहीत नाही. हॉस्पिटलच्या काउंटरवरून जो फॉर्म गेला त्यात निदानाच्या रकान्यात नुसतं 'डोळ्याला पाणी येणे' आणि प्रक्रियेच्या रकान्यात 'पापणीजवळील शस्त्रक्रिया' असं लिहिलेलं. तिकडून उत्तर आलं की पापणीची शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धक समजली जाते, पॉलिसीत बसत नाही. फोनवरच्या माणसाला मी सांगतेय की यात पापणीला कोणी हात लावणार नाही, पिशवीतून नाकात नवी वाट काढायची आहे. तो विचारतो, "पण मॅडम, पेशंटला दिसतंय ना?" दिसतंय, म्हणून नाकारलं! आम्ही परत कागद पाठवायचे, त्यांनी परत तोच शेरा मारून पाठवायचा. दर वेळी फोनवर नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं.

या सगळ्यात आठवडे गेले आणि आईच्या पिशवीतला जुना संसर्ग एकदम भडकला. आतल्या कोपऱ्याच्या खाली, नाकाच्या कडेला गाठ आली. कातडी ताणलेली, लाल, चकचकीत. चष्म्याचं नाकावरचं टेकण नुसतं टेकलं तरी ती कळवळायची. ताप आला. मग गाठ बाहेरच्या बाजूला फुटली, कातडीतून पू आला आणि तिथे बारीक छिद्र राहिलं. ते बरेच दिवस पाझरत होतं. अशा भडकलेल्या अवस्थेत सिरिंजिंग करत नाहीत, डीसीआरही आधी सूज उतरवूनच करतात. म्हणजे अँटिबायोटिक, ड्रेसिंग आणि पुन्हा वाट बघणं. साध्या शस्त्रक्रियेचं हे करून ठेवलं त्या लोकांनी. आजही लिहिताना संताप येतो.

शेवटी मंजुरी मिळाली ती आमच्या सर्जनच्या एका पत्रामुळे. त्यांनी लेटरहेडवर पेनाने आकृती काढली: पापणीच्या कडेचं भोक, नळी, पिशवी, हाड, नाक. बंद जागेवर फुली मारली आणि खाली सिरिंजिंगमध्ये काय आलं ते लिहिलं. म्हणून माझा आग्रह आहे, फॉर्म काउंटरवरच्या मुलावर सोडू नका. निदान 'नासाश्रुनलिकेचा अडथळा व अश्रुपिशवीचा जुनाट दाह' असं पूर्ण लिहून घ्या. आजाराचे कोड डॉक्टरांकडूनच घाला. एच ०४ हा गट अश्रुसंस्थेचा, एच ०२ हा पापणीचा. चुकून एच ०२ पडला तर तुमच्याही वाट्याला तेच येईल. तरीही नाकारलं तर विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं, पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे, फी लागत नाही. प्रत्येकाच्या पॉलिसीची कलमं वेगळी असतात, तेव्हा तुमची नीट वाचा.

आता ऑपरेशन बाहेरून की नाकातून दुर्बिणीने? दोन्हीत काम एकच, पिशवी आणि नाक यांच्यामधलं हाड थोडं काढून पाण्याला सरळ रस्ता करायचा. बाहेरून केलं तर नाकाच्या कडेला साधारण सेंटिमीटरभराचा व्रण राहतो, तो बहुतेकांचा पुढे पुसट होतो. अनुभवी हातात दोन्हींचं यश ९० टक्क्यांच्या आसपास सांगतात. मला विचाराल तर पद्धतीपेक्षा ते डॉक्टर ही शस्त्रक्रिया नेहमी करतात का, हे विचारा. तुमची आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर आधीच सांगा, नाकाच्या आतून रक्त बरंच येऊ शकतं. मनाने गोळी बंद मात्र करू नका. नंतर काही दिवस नाक जोरात शिंकरायचं नाही. माझ्या आईने पुढे कधीतरी शिंकरलं तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून हवा आली आणि ती घाबरली. सर्जन म्हणाले, रस्ता उघडा असल्याचीच ती खूण.

तोपर्यंत गाठ आली, ताप आला तर थांबू नका. डोळा पुढे आल्यासारखा वाटला, हलवताना दुखला किंवा अंधूक दिसायला लागलं तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात न्या, कारण तेव्हा संसर्ग डोळ्याच्या खोबणीत मागे सरकलेला असू शकतो. गाठ घरी दाबायची नाही, लेपही लावायचा नाही.

ज्या बाकीच्यांनी खाली 'मलाही पाणी येतं' लिहिलंय, त्यांनी लगेच डीसीआरचं मनात घेऊ नका. कोरड्या डोळ्यालाही पाणी येतं. पापण्यांच्या कडेला तेलग्रंथी असतात, त्या बिघडल्या की पाणी टिकत नाही, डोळा चुरचुरतो आणि मग धार लागते. त्याचा उपाय अगदी वेगळा आहे. तान्ह्या बाळांचंही वेगळं, त्यांची नळी बहुतेक वेळा वर्षाच्या आत आपोआप उघडते, डॉक्टर मालिश कशी करायची ते दाखवतात.

दादा, सिरिंजिंगच्या कागदावर काय लिहिलंय ते इथे टाका, नाव-नंबर झाकून. पाणी ज्या भोकातून घातलं त्यातूनच परत आलं की दुसऱ्यातून, आणि सोबत पू होता का, एवढं बघा. त्याच भोकातून आलं असेल तर अडथळा पिशवीच्या अलीकडे, पापणीकडच्या बारीक नळीतच असू शकतो, आणि तसं असेल तर साधी डीसीआर पुरेल का, हा प्रश्न डॉक्टरांना तारीख घेण्याआधी विचारा.