फॉर्मवर ३.० लिहू की ३.५?

प्रश्न: आठ महिने पिकलबॉल खेळतेय, सोसायटीत बहुतेक मॅच जिंकते. टूर्नामेंटच्या फॉर्मवर रेटिंग, म्हणजे खेळाची पातळी, काय लिहू, ३.० की ३.५?

उत्तर: ताई, सोसायटीतल्या जिंकण्यावर जाऊ नका, समोर रोज तेच चारजण असतात. थर्ड शॉट बघा, म्हणजे आपली सर्व्ह परत आल्यावरचा फटका. समोरचे दोघं नेटजवळ उभे असताना बॉल त्यांच्या किचनमध्ये, म्हणजे नेटपासूनच्या ७ फुटांत, हळूच पडतो का, दहातले किती पडले ते दुसऱ्या कुणालातरी मोजायला सांगा कारण आपलं आपण मोजताना चुकलेले विसरतो. सहा-सात पडले तर माझ्या मते ३.५ लिहा. नुसत्या जोरदार ड्राइव्हवर पॉइंट मिळत असतील तर ३.० च बरं. आणि ड्युपरवर (DUPR, पिकलबॉलचं रेटिंग देणारं अ‍ॅप) स्कोअर टाकत चला, तिथलं २ ते ८ मधलं रेटिंग मॅचच्या निकालावरून निघतं.