"पाठवू की नको, एवढंच सांगा"

कोविडच्या दुसऱ्या वर्षी शाळा पुन्हा भरायला लागल्या, तेव्हा समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांचं पहिलं वाक्य हेच असायचं. या आईनं तर ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हटलं. सोबत नऊ वर्षांचा मुलगा. शाळेचा निरोप आल्यापासून रोज सकाळी त्याचं पोट दुखायचं, रविवारी मात्र नाही. डॉक्टरांनी तपासून काही नसल्याचं सांगितलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

आधी माझी चूक सांगते. पहिल्या भेटीत मी त्या आईला माहिती ऐकवत बसले. मुलांमध्ये गंभीर आजाराचं प्रमाण मोठ्यांपेक्षा खूप कमी आहे. डेन्मार्कनं १५ एप्रिल २०२० पासूनच धाकट्या मुलांच्या शाळा उघडल्या, लहान लहान गट केले, जमेल तेवढं शिकवणं बाहेर मोकळ्यावर नेलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि इस्रायलचं काय?" वाचन दांडगं होतं बाईचं. मे २०२० मध्ये तिथं शाळा उघडल्या, उष्णतेची लाट आली म्हणून मास्कची सक्ती काही दिवस उठवली, वर्गांत एसी सुरू राहिले, आणि जेरुसलेममधल्या एकाच शाळेत दीडशेवर विद्यार्थ्यांना लागण झाली. मी गप्पच झाले.

खरं तर तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन उदाहरणांतच होतं, पण मला ते घरी गेल्यावर सुचलं. दोन्हीकडे शाळाच उघडल्या होत्या. हवा आणि गर्दी वेगळी होती. पुढच्या भेटीत मी तिला शाळेला विचारायचे प्रश्न लिहायला लावले. समोरासमोरच्या खिडक्या उघडतात का? एका वर्गात मुलं किती? मधल्या सुट्टीत खातात कुठं, कारण मास्क उतरायचा तो तेव्हाच. आणि आजारी मूल घरी राहिलं तर हजेरीचं काय? हा शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, पण माझ्या मते तो सगळ्यात वर हवा. शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसापायी तापाची गोळी देऊन पाठवलेलं एक मूल सगळ्या खबरदारीवर पाणी फिरवतं. बाकं दिवसातून किती वेळा पुसतात, हा तिचा प्रश्न मी खाली सरकवला. हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. बंद खोलीत कुणी सिगारेट ओढली तर सहा फुटांवर बसलेल्यालाही धूर लागतोच, तसं.

मुलगा इतका वेळ हात मांडीखाली दाबून बसला होता. चित्र काढायला दिलं तेव्हा ते बाहेर आले. बोटांच्या पेरांवरची कातडी लाल, भेगाळलेली, एका ठिकाणी खपली धरलेली.

"दिवसातनं किती वेळा धुतोस रे?"

"आई विचारते तेवढ्या वेळा."

आईनं मान खाली घातली.

चित्रात एका टोकाला शाळा होती, दुसऱ्या टोकाला घर. मधल्या रस्त्यावर पेन्सिलीचे बारीक ठिपके, शाळेकडून निघालेले, दारातून आत शिरलेले आणि एका खाटेपाशी थांबलेले. खाटेवर आजी. "हे काय आहे?" असं विचारलं तर म्हणाला, "मी आणलेले." मुलांमुळे घरातल्या म्हाताऱ्यांना होतं, हे त्यानं मोठ्यांच्या बोलण्यात कधीतरी ऐकलं होतं. आपल्याला काही होईल याची त्याला भीतीच नव्हती. आपल्या हातून आजी जाईल, ही होती.

मग मी आजींना बोलावलं. लशीचे दोन्ही डोस झालेल्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की 'मला काही होणार नाही' असं वचन देऊ नका, ते कुणालाच देता येत नाही. त्या नातवाला म्हणाल्या, "माझी काळजी करायला मी आहे, डॉक्टर आहेत, तुझी आई आहे. तुझा नंबर चौथा. आमचं झालं की तुला सांगू." मला हे इतकं नेमकं जमलं नसतं.

पुढचं काम पायरीपायरीनं. आधी नुसतं फाटकापर्यंत जायचं आणि पोटातला गोळा जरा सैल होईपर्यंत तिथंच थांबायचं. भीती शिगेला असताना परत फिरलं तर दुसऱ्या दिवशी ती वाढलेली असते. मग शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, बाईंबरोबर खिडक्या उघडायला. मग पहिले दोन तास. आईलाही एक पायरी दिली होती: 'हात धुतलेस?' हे तो घरी आल्यावर एकदा आणि जेवणाआधी एकदा, बस्स. सगळ्यात जास्त वेळ तिलाच लागला.

तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी पोट पुन्हा दुखलं. त्यासाठी नियम ठरलेलाच होता: ताप, खोकला असेल तर घरी, नुसतीच भीती असेल तर कमी वेळ, पण शाळेत. तो अर्धा दिवस जाऊन आला.

महिन्याभरानं वर्गातल्या एका मुलाला कोविड झाला आणि वर्ग आठवडाभर बंद ठेवला. केलेलं सगळं मुसळ केरात, असं मला वाटलं. संध्याकाळी आईचा फोन आला. घरात सगळे ठीक होते. "मॅडम, तो विचारतोय, वर्ग उघडल्यावर खिडक्यांचं काम त्याच्याकडेच राहील ना?"