उंबऱ्याचा आकडा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अडतिशीतल्या एक बाई माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या. त्यांचे नाव आपण सुजाता धरू. ओळख पटू नये म्हणून नावासह काही तपशील बदलले आहेत. कोल्हापुरात गंगावेशीकडून पंचगंगा नदीच्या दिशेने उतरत जाणाऱ्या एका गल्लीत त्यांचे दोन खोल्यांचे घर आणि मागे गोठा आहे. पती शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला आहेत, मुलगी दहावीत आहे, आणि सासूबाईंना रक्तदाब व साखर असे दोन्ही त्रास आहेत. त्यांनी आपली अडचण एका वाक्यात सांगितली : "पाऊस लागला की माझी झोप जाते, मॅडम, आणि तयारी करायची म्हटली तर हातात पैसा नसतो." हे वाक्य थोड्याफार फरकाने मला कोल्हापुरात दर पावसाळ्यात ऐकायला मिळते, म्हणून या घराची हकिकत सविस्तर लिहीत आहे.

सुजाताताईंची रात्र कशी जाते, हे मी आधी विचारून घेतले. अकराला अंथरूण घातले की पहिल्यांदा मोबाईल उघडायचा, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची, मग राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले ते बघायचे, मग गल्लीच्या ग्रुपवर कोणी काय टाकले ते वाचायचे, आणि वीस मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. एका रात्री मुलीने मोजले, तेव्हा हा फेरा २३ वेळा झाला होता. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे त्यांना तोंडपाठ होते. मात्र ३९ फुटांना आपण काय करायचे आणि ४३ ला काय, असे विचारल्यावर त्या गप्प झाल्या.

या भीतीला पाया होता. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५५ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा हे कुटुंब शेवटच्या क्षणापर्यंत घरातच होते, कारण २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती आणि त्या खुणेच्या वर पाणी चढणार नाही, असे घरातल्या प्रत्येकाने गृहीत धरले होते. सासूबाईंना बोटीतून काढावे लागले. जुलै २०२१ मध्ये पाणी २०१९ च्याही वर गेले. अशा माणसाला "काळजी करू नका" असे सांगण्यात काही अर्थ नसतो आणि मी ते सांगितलेही नाही. मी एवढेच सुचवले की पातळी सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ अशी तीनदाच बघायची, ती कॅलेंडरच्या चौकटीत लिहायची आणि रात्री मोबाईल मुलीच्या दप्तरात ठेवायचा. पंचगंगेचे पाणी साधारणपणे फूट-फूट करत दिवसांच्या हिशेबाने चढते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चारही नद्यांचे पाणी प्रयाग चिखलीपाशी एकत्र होऊन मग आपल्याकडे येते, त्यामुळे एकट्या राधानगरीच्या दरवाजांवर डोळे लावून फारसे काही कळत नाही, हेही त्यांना समजावले.

इथपर्यंत ठीक होते. पुढे मात्र मी चूक केली. दुसऱ्या भेटीत मी त्यांना घरात ठेवायच्या वस्तूंची यादी दिली : बॅटरी, मेणबत्त्या, औषधे, कागदपत्रांची पिशवी, पाण्याचे कॅन. यादी चांगली होती. तिसऱ्या भेटीला त्या आल्या तेव्हा यादीतल्या निम्म्या वस्तू घरात आल्या होत्या आणि झोप तसूभरही सुधारली नव्हती. मग मी पती आणि सासूबाई या दोघांनाही बोलावले.

पती खुर्चीच्या कडेवर बसून राहिले आणि "आला तर बघू" यापलीकडे काही बोलेनात. सासूबाई मात्र सरळ म्हणाल्या, "मी घर सोडत न्हाई. म्हस कोण बघणार?" गोठ्यात एक मुऱ्हा म्हैस आहे, तिच्या दुधाचे पैसे सासूबाईंच्या हातात येतात, आणि मुलीच्या शिकवणीची फी त्याच पैशांतून भरली जाते. २०१९ मध्ये त्या बोटीत बसायला तयार नव्हत्या, त्याचे कारण हेच होते. म्हशीचे दावे सोडून द्यावे लागले. ती पुढे तीन दिवसांनी एका उंच रस्त्यावर सापडली, पण ते तीन दिवस सासूबाई निवारा केंद्रात जेवल्या नव्हत्या. सुजाताताईंची रात्रीची तगमग पाण्यासाठी कमी आणि "आत्ती हलल्या नाहीत तर मी काय करू" यासाठी जास्त होती. दोन भेटी मी बॅटरीच्या सेलांवर घालवल्या आणि गोठ्याबद्दल एक प्रश्नही विचारला नाही, याची मला आजही खंत वाटते.

मग आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. नणंदेचे घर पाचगावला, उंचावर आहे आणि मागे पत्र्याची शेड आहे. म्हैस तिथे जाईल, हे ठरवायला फोनवर दहा मिनिटे लागली. न ठरवता सहा वर्षे गेली होती. त्यानंतरचा प्रश्न कधी न्यायची हा होता. शासनाची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी मोजलेल्या पाण्याची असते, आपल्या उंबऱ्याचा आकडा मात्र आपल्यालाच शोधावा लागतो. गल्लीतल्या दोन वडीलधाऱ्यांना विचारून आणि जुन्या फोटोंच्या तारखा त्या दिवसांच्या बातम्यांशी ताडून त्यांनी तो काढला : ४५ फुटांना गल्लीच्या तोंडाशी पाणी येते आणि ४७ ला त्यांच्या उंबऱ्याला लागते. म्हणून ३९ ला म्हैस आणि सासूबाई पाचगावला जातील, ४३ ला मुलगी, कागदपत्रे आणि औषधे जातील, आणि प्रशासनाने त्याआधी सांगितले तर कुठल्याही आकड्याची वाट न बघता सगळेच निघतील, असे ठरले. हे तीन ओळींत लिहून दाराच्या मागे चिकटवले. पतींनी ते स्वतः लिहिले, आणि त्या तासाभरात ते पहिल्यांदाच काही करताना दिसले.

पैशांचा भाग त्यामानाने सोपा निघाला. बचत गटाचा हप्ता जाऊन महिन्याला २०० रुपये बाजूला पडू शकत होते. पहिला खर्च म्हशीच्या पेंडीचा, कारण नणंदेच्या दारात रिकाम्या हाताने जनावर बांधणे सासूबाईंना पटणारे नव्हते. दुसरा खर्च औषधांचा : जनऔषधी केंद्रातून दर महिन्याला गोळ्यांची एक पट्टी जास्तीची घ्यायची, जुनी आधी वापरायची आणि नवी राखीव ठेवायची, म्हणजे पंधरा दिवसांचा साठा कायम राहतो आणि गोळ्यांची मुदतही टळत नाही. दोन वीस लिटरचे कॅन घरात होतेच. २०१९ मध्ये उपसा केंद्रांतच पाणी शिरल्यामुळे, चहूकडे पूर आणि नळ मात्र कोरडा, अशी शहराची अवस्था झाली होती; चार माणसांना प्यायला माणशी तीन लिटरप्रमाणे तीन दिवसांना ३६ लिटर लागतात, म्हणजे दोन कॅन पुरतात. मोठी बॅटरी घेण्याचा बेत मी रद्द करायला लावला, कारण घरातल्या दोन मोबाईलना उजेड असतो आणि त्यांना चार्ज करणारी एक साधी पॉवर बँक जास्त उपयोगाची आहे.

कागदपत्रांची पिशवी मात्र मी समोर भरून घेतली. रेशन कार्ड, आधार, बँकेचे पासबुक, घरपट्टीची पावती आणि मुलीचे दाखले आधी दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्यांत घातले, त्यांच्या तोंडाला मेणबत्तीच्या ज्योतीवरून हलकेच फिरवून चिकटवले, आणि मग हे सगळे लोणच्याच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवले. ही युक्ती सासूबाईंची, आणि माझ्या यादीतल्या वॉटरप्रूफ फोल्डरपेक्षा सरस. प्रत्येक कागदाचा, घराच्या चारही भिंतींचा, आणि म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यावरच्या बारा आकड्यांचा फोटो मोबाईलमध्ये काढून नणंदेलाही पाठवला, कारण पंचनाम्याच्या वेळी आधीची स्थिती दाखवता येणे फार कामाला येते. निघताना मेन स्विच बंद करायचा, रेग्युलेटर काढायचा आणि गॅसची टाकी खिडकीच्या गजाला साखळीने बांधायची, कारण ती पाण्यावर तरंगते, हे काम पतींकडे आले. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे आकडे मुलीने त्याच कागदाखाली लाल पेनने लिहिले.

जुलैच्या एका रविवारी त्यांनी पाऊस नसताना रंगीत तालीम केली. टेम्पो मिळायला दीड तास लागला, म्हणून ३९ चा आकडा खोडून ३७ केला.

पुढच्या महिन्यात पाणी खरेच चढले. सकाळी सातच्या चौकटीत ३७ फूट ४ इंच लिहिले गेले, तेव्हा सुजाताताई अजून चहा ओतत होत्या आणि सासूबाई गोठ्यात दावे सोडत होत्या. पाणी इशारा पातळी ओलांडून ४१ फुटांपाशी थांबले आणि उतरू लागले. पाचव्या दिवशी म्हैस घरी परतली. त्या आठवड्यात सुजाताताई दोन रात्री जाग्या राहिल्या, पाच रात्री झोपल्या. पाचगावला म्हशीने दिलेल्या दुधाचे पैसे कोणी ठेवायचे, यावरून सासूबाई आणि नणंदेत मात्र अजून धुसफूस चालू आहे, आणि त्यासाठी पुढच्या भेटीला दोघींनाही घेऊन येऊ का, असे सुजाताताईंनी मला विचारले आहे.